गाडी परत द्यायचीय आणि टायर घासलेत

वाचक विचारतात : लीजची गाडी, रन-फ्लॅट टायर

अमेरिकेत तीन वर्षांच्या लीजवर घेतलेली गाडी परत करायची वेळ जवळ आली की टायरचा प्रश्न हमखास उभा राहतो. गाडीला रन-फ्लॅट असतील तर तो जास्तच महागात पडतो. रन-फ्लॅट म्हणजे हवा पूर्ण गेली तरी जाड, कडक साइडवॉलच्या जोरावर गाडी तोलून धरणारा टायर. ताशी ८० किलोमीटरच्या आत चालवला तर तो साधारण ८० किलोमीटर नेतो, म्हणून अशा बहुतेक गाड्यांत स्टेपनीच नसते. या वेळी आलेली बरीचशी पत्रं अमेरिकेतल्या वाचकांची आहेत. लंडन आणि पुण्याहूनही एकेक आलंय, पण तिथलं गणित वेगळं आहे.

एडिसन, न्यू जर्सी : बीएमडब्ल्यू ३३० आय एक्स-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी), ३६ महिन्यांचं लीज. चार महिने बाकी आहेत, ३१,००० मैल झालेत. टायर मूळचेच, १८ इंची ऑल-सीझन रन-फ्लॅट. सर्व्हिस सेंटर म्हणतं मागचे आतून घासलेत, चारही बदला. आत्ता बदलू, शेवटी बदलू की गाडी तशीच देऊ?

आज काहीच बदलू नका, आधी मोजा. सर्व्हिस सेंटरचं 'घासलेत' हे मोजमाप नव्हे.

त्याआधी लीजचे कागद काढा. त्यात 'एक्सेस वेअर अँड यूज', म्हणजे जादा झीज आणि वापर, नावाचं कलम असतं. टायरबद्दल तिथे तीन गोष्टी शोधायच्या : नक्षीची खोली किमान किती हवी, ती कुठे मोजणार, आणि बदली टायर कसा चालेल. बहुतेक कंपन्या ४/३२ इंच मागतात. काही करारांत तेच १/८ इंच असं लिहिलेलं असतं. दोन्ही एकच, म्हणजे ३.२ मिलिमीटर. बहुतेक राज्यांत कायद्याची मर्यादा मात्र २/३२ इंच आहे. घोळ इथेच होतो. खाचांमधल्या आडव्या पट्ट्या अजून रबराच्या बरोबरीला आल्या नाहीत, म्हणजे टायर शाबूत आहे असं समजून लोक गाडी नेऊन देतात. त्या पट्ट्या २/३२ वर बसवलेल्या असतात. लीज कंपनीची अट त्याच्या दुप्पट आहे.

मोजायला खोलीमापक गेज घ्या, दहा डॉलरच्या आत मिळतो. क्वार्टरचं नाणंही चालतं : वॉशिंग्टनचं डोकं खाली करून नाणं खाचेत घाला, डोक्याची वरची कड दिसली तर खोली ४/३२ किंवा त्याहून कमी आहे. पेनीची चाचणी २/३२ ची, ती इथे उपयोगाची नाही. प्रत्येक टायरवर आतली, मधली आणि बाहेरची अशा तीन मुख्य खाचा घ्या आणि गोलाईवर तीन ठिकाणी मोजा. एका टायरचे नऊ आकडे होतील. त्यातला सर्वांत लहान तो तुमचा आकडा. सरासरी काढू नका, तपासनीसही काढत नाही. आतली खाच उभं राहून दिसत नाही. पुढची चाकं पूर्ण वळवून ठेवा, मागच्यांसाठी टॉर्च घेऊन खाली वाकावंच लागतं. बीएमडब्ल्यूची मागची चाकं मुळातच वरच्या बाजूने थोडी आत झुकलेली असतात. त्यात टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन, जरा बिघडला की आतली कड झपाट्याने जाते आणि बाहेरून टायर नवा वाटत राहतो.

आता तुमचं गणित. नव्या टायरची खोली साधारण १०/३२ असते. समजा आतली कड आज ५/३२ वर आहे. ३१,००० मैलांत ५ गेले, म्हणजे एका बत्तिसांशाला सुमारे ६,२०० मैल. चार महिने, महिना ९०० मैल धरले तर ३,६०० मैल होतील आणि आणखी जेमतेम ०.६ जाईल. गाडी ४.४ वर परत जाईल, एक पैसा खर्चायची गरज नाही. आज आकडा ४.५ असेल तर मात्र तो ३.९ पर्यंत उतरेल आणि बिल लागेल. अशा वेळी पहिला उपाय फुकटचा आहे : मागची आणि पुढची चाकं अदलाबदल करणं. तुमच्या गाडीला चारही चाकांना २२५/४५ आर १८ असा एकच आकार असेल तर हे जमतं. पुढे-मागे वेगळी मापं असतील, उदाहरणार्थ १९ इंचीत पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५, तर जमत नाही.

दोनच टायर ४ च्या खाली जाणार असतील तर चार कशाला? इथे सर्व्हिस सेंटरच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. एक्स-ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा ट्रान्सफर केसमधला क्लच असतो. पुढची चाकं ५/३२ वर आणि मागची नवी १०/३२ वर असली, तर तुमच्या मापात एका फेऱ्यामागे घेरात सुमारे २५ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे किलोमीटरमागे जवळजवळ सहा फेरे जास्त-कमी. गाडी सरळ चालली तरी क्लचला तो फरक सतत गिळत बसावं लागतं, तो तापतो, झिजतो. चार महिन्यांत बहुधा काही होणार नाही, पण झालं तर ते टायरपेक्षा कितीतरी महाग.

यावर मधला मार्ग आहे. इंडियानातल्या साउथ बेंडचं टायर रॅक हे दुकान नवे टायर यंत्रावर तासून हव्या त्या खोलीचे करून देतं. नव्या टायरचं रबर पैसे देऊन उतरवून घेणं आपल्या मराठी मनाला पटणार नाही, पण दोन नवे टायर ६/३२ वर तासून घेणं चार नव्यांपेक्षा स्वस्त पडतं. पुढचे टायर ६ च्या वर असतील तर तासायचीही गरज नाही. गाडी थोडेच दिवस तुमच्याकडे आहे. एक पथ्य मात्र पाळा : एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे हवेत, आणि एक्स-ड्राइव्हला चारही तसे असतील तर उत्तम.

क्रम असा ठेवा. आज मोजणी. करारात मुदतपूर्व तपासणीची सोय असेल तर ती घ्या. बऱ्याच कंपन्या लीज संपण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत ती फुकट देतात. तपासनीस घरी किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये येतो आणि लेखी अहवाल देतो. त्यात जे टायर लिहिलेत तेच बदला. आणि बदलण्याआधी कंपनीला एक प्रश्न नक्की विचारा : एका टायरचे तुम्ही किती लावाल? कधीकधी तो आकडा नव्या टायरच्या, फिटिंगच्या आणि कराच्या बेरजेपेक्षा कमी निघतो. तसं असेल तर टायर बदलायला धावायचं कारण नाही, बिल भरून मोकळे व्हा. त्याच कंपनीची पुढची गाडी घेणार असाल तर ठरावीक रकमेपर्यंतचं घासणं माफ करतात का तेही विचारा. ही बोलणी नव्या गाडीच्या सहीआधीची, सहीनंतर कोणी ऐकत नाही.

फ्रिस्को, टेक्सास : रन-फ्लॅटच्या निम्म्या किमतीत चांगल्या कंपनीचे साधे टायर मिळताहेत. माप तेच. लावून गाडी परत केली तर कळेल का?

कळेल. साइडवॉलवर लिहिलेलंच असतं. ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशेलिनवर झेडपी, कॉन्टिनेंटलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ, डनलॉपवर डीएसएसटी. शिवाय गाडीची कंपनी स्वतः पसंत केलेल्या टायरवर खूण करायला लावते : बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजची एमओ, आणि रन-फ्लॅट असेल तर एमओई. तपासनीस खोली मोजतो तेव्हा ही अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोरच असतात.

'सेम साइज, टाइप अँड क्वालिटी' अशा अर्थाचं वाक्य करारात असेल तर रन-फ्लॅटच्या जागी साधा टायर म्हणजे नक्षी कोरी असूनही चारही टायर नापास होण्याची शक्यता. दोनदा पैसे गेले. चांदणी नसलेला, पण रन-फ्लॅट आणि त्याच मापाचा टायर मात्र बऱ्याचदा चालतो आणि तो स्वस्तही असतो. खरी बचत तिथे आहे. फोनवरच्या 'हो, चालेल' वर विसंबू नका, ईमेलवर उत्तर मागा.

मापाच्या पुढचे आकडे-अक्षरंही जुळवायची. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार, ९५ म्हणजे ६९०. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, डब्ल्यू २७०, वाय ३००. मूळ टायरपेक्षा वरचं चालतं, खालचं नाही. शेवटचे काही आठवडे साधे टायर घालून फिरायचा विचार असेल तर आठवा की गाडीत स्टेपनी नाही आणि टेक्सासचे रस्ते लांब आहेत.

नेपरव्हिल, इलिनॉय : ऑनलाइन बाजारात वापरलेले रन-फ्लॅट मिळतात. ७/३२ खोलीचे, नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या भावात. घ्यावेत का?

दोन प्रकारचे असतात. नव्या गाडीचे टायर काही हजार मैलांच्या आत काढून विकलेले, म्हणजे कोणीतरी हौसेने रिम बदलले आणि मूळचे विकायला काढले, असे चार मिळाले तर लीजच्या कामाला याहून चांगलं काही नाही. परत करायच्या गाडीला ४ च्या वरचा टायर पुरतो. १० ची खोली तुम्ही पुढच्या मालकासाठी विकत घेता.

दुसरा प्रकार टाळा. हवा गेल्यावर चालवलेला रन-फ्लॅट बाहेरून नव्यासारखा दिसू शकतो. आत साइडवॉल वारंवार दुमडून तापलेली असते, तिचं बळ गेलेलं असतं. म्हणून रिमवर चढवलेला टायर घेऊ नका, उतरवलेलाच घ्या आणि आत टॉर्च मारा. साइडवॉलच्या आतल्या बाजूला गोलाकार सुरकुत्यांचा पट्टा, काळ्या रबराचा निळसर किंवा करडा झालेला रंग, रबराचा भुगा यांतलं एकही दिसलं की परत ठेवून द्या. रिमवर बसणारी कड, म्हणजे बीड, फाटलेली नसावी. रन-फ्लॅट उतरवताना ती सहज फाटते. पॅच असेल तर तो नक्षीच्या मधल्या भागातच हवा. साइडवॉलवरच्या डॉट (डीओटी) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख असते : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चार टायरांच्या तारखांत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल तर ते एका गाडीचे नाहीत, विकणारा काही म्हणो.

हिवाळी टायरांचा वेगळा संच असलेल्यांना एक आठवण : मूळ टायर गॅरेजमध्ये पडलेले असतील तर परतीच्या आधी तेच चढवा. हिवाळी टायरवर गाडी परत करून मूळ टायर पदरात ठेवण्यात फायदा नाही, बिल येतं.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया : दोन रन-फ्लॅट बदलायचे ठरवलेत. जवळचं दुकान स्वस्त आहे, पण तिथला मुलगा म्हणाला रन-फ्लॅटचा त्रास असतो. म्हणजे काय त्रास?

खरं बोलला. साइडवॉल इतकी कडक असते की साध्या यंत्रावर बीड रिमच्या खोलगट भागात दाबून धरता येत नाही. त्यासाठी यंत्राला मदतीचा हात असावा लागतो. नसला की माणूस पहारी घालतो आणि मग बीड फाटतं, रिम ओरखडतं किंवा आतला हवेच्या दाबाचा सेन्सर मोडतो. दुकानात एवढंच विचारा : यंत्राला हेल्पर आर्म आहे का आणि रन-फ्लॅट रोज लावता का? उत्तरात 'सहसा' आलं तर दुसरं दुकान बघा, वीस डॉलर जास्त गेले तरी चालतील.

गाडी देण्याआधी चारही रिमांचे जवळून फोटो काढा. दुकानात पडलेला ओरखडा लीज परतीच्या दिवशी तुमच्या नावावर चढतो. टायरचे वाचवलेले पैसे रिमवर जातात. रिमला लॉक बोल्ट असेल तर त्याची चावी, म्हणजे खाचांचा छोटा अडॅप्टर, काम झाल्यावर परत मागून घ्या. तो दुकानातच राहायची फार जुनी रीत आहे.

काम होताना लक्ष ठेवायच्या गोष्टी. थंडीत ट्रंकमध्ये पडून गारठलेला रन-फ्लॅट लगेच चढवू नये. रबर किमान १५ अंश सेल्सिअसला आलेलं असावं, नाहीतर बीडला चीर जाते. फ्रीमाँटला हे फारसं लागणार नाही, एडिसनवाल्यांनी लक्षात ठेवावं. बीड सोडवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची, कारण सेन्सर व्हॉल्व्हलाच जोडलेला असतो. तीन वर्षांच्या गाडीत सेन्सर बदलायचं कारण नाही, त्याची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. 'सोबत सेन्सरही नवे टाका' असा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा. बदलायचे ते फक्त व्हॉल्व्हचं सील, कोअर, नट आणि टोपी. हा किट काही डॉलरांचा असतो. टायरवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर यायला हवी. असममित नक्षीचा टायर उलटा बसवलेला गाड्यांवर दिसतो, आणि तपासनीसाला तो दिसतोच.

बॅलन्सिंग झाल्यावर बोल्ट आधी हाताने फिरवून लावायचे, मग चांदणीच्या क्रमाने आवळायचे आणि शेवट टॉर्क रेंचने करायचा. बीएमडब्ल्यूच्या एम १४ बोल्टला १४० न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे १०३ फूट-पाउंड. जुन्या एम १२ ला १२०. हवेच्या गनने कचाकचा आवळले तर डिस्क वाकडी बसते, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि दोष मात्र नव्या टायरला. ५० मैलांनंतर टॉर्क पुन्हा तपासा. हवा किती भरायची हे टायरवर पाहू नका, तिथे कमाल मर्यादा असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा घ्या, तोही टायर थंड असताना. मग गाडीच्या मेन्यूतून टायर प्रेशर मॉनिटर रीसेट करा आणि काही मिनिटं चालवा. पिवळा दिवा लागलेली गाडी परत केली तर नवे टायर असूनही शेरा पडतो.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं? पंधरा दिवसांत गाडी देणार असाल तर नको. सहा महिने बाकी असतील आणि आतली कड घासलेली असेल तर हवीच, नाहीतर नवे टायरही त्याच वाटेने जातील. घासण्याची तऱ्हाच कारण सांगते : फक्त आतली कड गेली तर कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) किंवा टो, दोन्ही कडा गेल्या आणि मधला भाग शाबूत तर हवा कमी, मधलाच भाग गेला तर हवा जास्त, हात फिरवल्यावर करवतीच्या दातांसारखं लागलं तर टो. रन-फ्लॅटमध्ये हवा कमी असणं सर्वांत जास्त आढळतं, कारण २० पीएसआयवरही हा टायर बसकण मारत नाही, डोळ्याला ठीक दिसतो. महिन्यातून एकदा गेज लावण्याला पर्याय नाही.

बिलावर गाडीचा व्हिन क्रमांक, मैल, तारीख आणि नव्या टायरांचं पूर्ण नाव-माप लिहून घ्या. कॅलिफोर्नियात टायरमागे १.७५ डॉलरचं सरकारी शुल्क बिलात दिसेल, न्यू जर्सीत १.५०. ते दुकानाने लावलेलं नाही, भांडू नका.

प्रिन्स्टन, न्यू जर्सी : खड्ड्यात चाक आपटून टायरच्या बाजूला फुगा आला आहे. नक्षी ६/३२ आहे. लीज घेताना टायर-अँड-व्हील संरक्षण घेतलं होतं. ते चालेल का?

यासाठीच ते असतं. फुगा म्हणजे साइडवॉलमधले धागे तुटलेत आणि हवा बाहेरच्या रबराला ढकलतेय. त्याला दुरुस्ती नाही, आणि तोवर हायवेवर नेऊ नका. नक्षी कितीही असो, लीज परतीला असा टायर नापासच. आधी दावा मंजूर करून घ्या, मग टायर बदला. उलट क्रमाने गेलेल्यांचे दावे अडकतात. रिमही वाकलं आहे का हे बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून बघायला सांगा, कारण कडक साइडवॉल धक्का फारसा शोषत नाही आणि तो रिमपर्यंत जातो. हे संरक्षण खड्डे-खिळ्यांसाठी आहे, घासण्यासाठी नाही. घासण्यासाठी वेगळी योजना असते, आणि तिच्यात टायरांना अनेकदा रकमेची मर्यादा असते.

याच वाचकाने खिळ्याच्या पंक्चरबद्दलही विचारलं आहे. नक्षीच्या मधल्या भागात, ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक आणि हवा कमी असताना चालवलेलं नसेल, तर आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात बसणारा दांडा असलेलं ठिगळ, मारता येतो. काही टायर कंपन्या एकदाच परवानगी देतात, बीएमडब्ल्यूचा कल बदलण्याकडे असतो आणि बरीच दुकानं रन-फ्लॅटला हातच लावत नाहीत. बाहेरून खुपसलेला दोरीचा प्लग मात्र पक्की दुरुस्ती नव्हे.

स्लाउ, लंडनजवळ : मिनी कूपर लीजवर आहे, रन-फ्लॅट २.५ मिलिमीटरवर आलेत. अमेरिकेतला भाऊ म्हणतो ३.२ च्या खाली दंड लागतो.

भाऊ त्याच्या गावचं बरोबर सांगतो. ब्रिटनमध्ये लीज कंपन्यांची संघटना बीव्हीआरएलए जो झीज-निकष देते, तो कायद्याला धरून आहे : टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, पूर्ण घेरावर, १.६ मिलिमीटर. तुमचे टायर पास आहेत. बदलू नका. साइडवॉलला चीर किंवा फुगा नाही ना, एवढं बघा. तुमच्या कराराने याहून कडक अट घातली असेल तर करार खरा. पावसात २.५ मिलिमीटरवर ब्रेक लांबतो ही गोष्ट वेगळी. तुमची परतीची तारीख उन्हाळ्यात असेल तर काळजीचं कारण कमी.

बाणेर, पुणे : कंपनीच्या कार-लीज योजनेतली ३-सिरीज. पुढच्या वर्षी लीज संपल्यावर गाडी मीच घेणार. रन-फ्लॅट घासलेत आणि त्याच खुणेचे मिळायला दुकानदार दोन महिने सांगतो. साधे ट्यूबलेस टाकू का?

तुम्हाला परत द्यायची नाही, त्यामुळे तपासनीसाचा धाक नाही. पण लीज संपेपर्यंत गाडी कागदोपत्री दुसऱ्याची आहे, म्हणून बदलाआधी एक ईमेल टाकून परवानगी घ्या. दुकानदार बहुधा खोटं बोलत नाही : जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, शिवाय टायरवर आयएसआयची खूण लागते. मागणी थोडी असलेल्या मापांना याचा फटका बसतो.

साधे टाकता येतात, त्याच रिमवर बसतात, गाडी खड्ड्यांत मऊ वाटते. मात्र चारही टाका. दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे ही जोडी वळणावर विचित्र वागते. भार आणि वेगाचे आकडे मूळचेच ठेवा. मग प्रश्न स्टेपनीचा. २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. पण किटमधलं सीलंट खिळ्याचं भोक बुजवतं, साइडवॉलची चीर नाही. रोज बाणेर ते हिंजवडी असेल तर किट आणि छोटा कॉम्प्रेसर पुरे. रात्रीच्या एक्सप्रेसवेवर नेहमी जाणं असेल तर ब्रेक कॅलिपरला न घासणारी बारीक स्टेपनी बूटमध्ये बांधून ठेवा, नाहीतर दोन महिने थांबा आणि रन-फ्लॅटच घ्या. १.६ मिलिमीटरची कायद्याची मर्यादा आपल्याकडेही आहे. टायर गोटा झाले असतील तर पावसाळ्यात थांबू नका.

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना : दोन टायर बदलून गाडी परत केली. महिन्याने बिल आलं, त्यात चार टायर घासलेले दाखवलेत!

बिल आलं की पैसे भरण्याआधी लेखी हरकत नोंदवा आणि तपासणी अहवाल फोटोंसह मागा. अहवालात प्रत्येक टायरचा आकडा आणि जागा असायला हवी. त्यासमोर तुमचं टायरचं बिल ठेवा. कन्झ्युमर लीजिंग अ‍ॅक्ट १९७६ चा आणि त्याखालचं रेग्युलेशन एम सांगतं की झिजेचे निकष करारात उघड केलेले आणि वाजवी असले पाहिजेत. त्यामुळे 'टायर वॉर्न' एवढाच शेरा पुरत नाही. कोणत्या निकषाने, किती, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दाद न मिळाल्यास कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्यूरोकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

तुमच्याकडे परतीच्या दिवशीचे फोटो नाहीत असं पत्रावरून दिसतं, आणि तीच अडचण आहे. गाडी गोळा करणारे तिला लवकरच लिलावाला पाठवतात, मग पुन्हा मोजता येत नाही. म्हणून आजच फोन करून गाडी अजून कुठे उभी आहे ते विचारा आणि लिलाव थांबवून फेरमोजणी करा असं लेखी कळवा. पुढच्या वाचकांनी गाडी देताना डीलरच्याच आवारात, चारही टायरांत गेज खुपसलेला दिसेल असे फोटो काढावेत. एका फोटोत ओडोमीटर हवा आणि परतीच्या पावतीवर डीलरची सही.